पुठ्ठ्यावरचे अस्सल साधन : सॅचेल पेजचे १९५३ चे बेसबॉल कार्ड

१/
इतिहासाचे साधन म्हटले की ताम्रपट, शिलालेख, नाणी आणि मोडी लिपीतील दप्तरे डोळ्यांसमोर येतात. आजच्या धाग्यासाठी मी एक अगदी साधे साधन निवडले आहे. च्युइंगगमच्या पाकिटातून अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या हाती पडणारे हे पुठ्ठ्याचे एक चित्र. रुंदी अडीच इंचांहून थोडी अधिक, उंची पावणेचार इंच. टॉप्स या कंपनीने १९५३ साली छापलेल्या मालिकेतील क्रमांक २२०. त्यावर सेंट लुइस ब्राऊन्स या संघाची टोपी घातलेल्या एका कृष्णवर्णीय खेळाडूचे रंगविलेले चित्र आहे. नाव सॅचेल पेज. काम पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा.

२/
हे कार्ड मला फार आवडते. जुन्या कार्डांच्या बाजारात त्याला मोल आहे. पण माझ्या आवडीचे कारण वेगळे आहे. ज्याला साधनांच्या आधारे इतिहास वाचायचा आहे त्याला हा एवढासा पुठ्ठा एक महत्त्वाचा धडा देतो. त्यावर छापलेला प्रत्येक आकडा खरा असू शकतो आणि तरीही त्या आकड्यांतून उभे राहणारे माणसाचे चित्र खोटे ठरू शकते. हे कसे घडते, ते क्रमाने पाहू.

३/
प्रथम खेळाविषयी थोडेसे. क्रिकेटमध्ये गोलंदाज धावत येतो आणि चेंडूला टप्पा देतो. बेसबॉलमधील पिचर मैदानाच्या मध्यावरील मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो आणि साठ फूट सहा इंचांवरून चेंडू टप्पा न पाडता फेकतो. सामना साधारणतः नऊ डावांचा. संघ जिंकला वा हरला की तो जय किंवा पराजय एका विशिष्ट पिचरच्या नावावर चढतो. म्हणून पिचरची कीर्ती मुख्यतः तीन आकड्यांवर तोलली जाते : विजय, पराभव आणि नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी. ही सरासरी जितकी कमी तितका पिचर श्रेष्ठ. हे तीन आकडे लक्षात ठेवावेत. पुढील सारी कथा त्यांच्याभोवती फिरते.

४/
आता कार्डांची परंपरा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील तंबाखू कंपन्या सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची चित्रे घालू लागल्या. पाकीट दबू नये म्हणून घातलेला पुठ्ठा आणि गिऱ्हाइकाला लावलेले संग्रहाचे वेड, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. १९३० च्या दशकात ही चित्रे च्युइंगगमबरोबर मिळू लागली आणि त्यांचा धनी बदलला. मोठ्यांच्या खिशातून ती मुलांच्या खिशात गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर बोमन आणि टॉप्स या दोन कंपन्यांत या बाजारासाठी चुरस लागली.

५/
१९५३ साली बोमनने रंगीत छायाचित्रे छापली. टॉप्सने मात्र छायाचित्रांवरून चित्रकारांकडून लहान लहान व्यक्तिचित्रे रंगवून घेतली. त्याच वर्षी या दोन कंपन्यांमधील वादात अमेरिकेच्या एका संघीय अपील न्यायालयाने असा निर्णय दिला, की माणसाला स्वतःच्या छबीच्या प्रसिद्धीवर मूल्यवान हक्क असतो आणि तो हक्क करार करून दुसऱ्याला देता येतो. आज नट आणि खेळाडू आपल्या छबीच्या वापराचे पैसे घेतात, त्या कायद्याच्या मुळाशी गमच्या पाकिटातील ही चित्रे आहेत. म्हणजे ज्या वर्षी चेहऱ्याची किंमत न्यायालयाने मान्य केली, त्याच वर्षीचा हा चेहरा आहे.

६/
आणि तो चेहरा तरुण नाही. मालिकेतील बहुतेक चित्रांत विशी-तिशीतील खेळाडू दिसतात. हा गृहस्थ मात्र छेचाळीस वर्षांचा आहे. चित्रकाराने वय लपविलेले नाही. टोपीच्या सावलीतील डोळे आणि गालांवरच्या रेषा नीट पाहाव्यात. मी हे चित्र संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पुष्कळदा पाहिले आहे. प्रत्येक वेळी असे वाटते, की हा माणूस या पुठ्ठ्यावर फार उशिरा येऊन पोचला आहे आणि ते त्याला ठाऊक आहे.

७/
नावापाशी थोडे थांबू. इंग्रजीत 'सॅचेल'च्या शेवटी एकच 'एल' हवा. टॉप्सने दोन छापले आहेत. त्याचे मूळ नाव लेरॉय. 'सॅचेल' म्हणजे हातपिशवी. अलाबामा राज्यातील मोबिल शहरात, रेल्वे स्थानकावर तो लहानपणी उतारूंच्या पिशव्या वाहत असे, त्यावरून हे टोपणनाव पडले असे सांगतात. त्याच्या आडनावातही पूर्वी 'आय' हे अक्षर नव्हते. ते कुटुंबाने पुढे आपल्या इच्छेने जोडले. एक अक्षर घरच्यांनी प्रतिष्ठेसाठी वाढविले आणि दुसरे कंपनीने निष्काळजीपणाने. देशभर ज्याला पाहायला लोक लोटत त्याचे नाव लिहिताना एवढी चूक व्हावी, यात त्या काळाची नोंद आपोआप झाली आहे.

८/
आता कार्ड उलटू. मागील बाजूस खेळाडूची त्रोटक माहिती आणि आकडे असत. १९५२ अखेरपर्यंत मेजर लीगमधील पेजची अधिकृत नोंद अशी होती : २५ विजय, २२ पराभव. १९५२ या एका वर्षात १२ विजय, १० पराभव, सरासरी ३.०७. गमचा तुकडा चघळत हे वाचणाऱ्या मुलाला काय वाटले असेल? एक बरा, वयस्क, मध्यम प्रतीचा पिचर. आकडे तपासले तर बरोबर आहेत. परंतु हा हिशेब १९४८ सालापासून सुरू होतो, आणि पेजने पैसे घेऊन चेंडू टाकायला १९२० च्या दशकातच प्रारंभ केला होता. मधली वीस-बावीस वर्षे कोठे गेली?

९/
ती वर्षे वर्णभेदाने गिळली. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू तेव्हाच्या एका मेजर लीगमध्ये खेळला होता. त्यानंतर मालकांनी आपापसांत एक अलिखित समजूत पाळली : काळ्या खेळाडूला घ्यायचे नाही. नियमपुस्तकात असा नियम कोठेही नव्हता, त्यामुळे तो रद्द करा अशी मागणी तरी कोणाकडे करायची? ही बंदी १५ एप्रिल १९४७ पर्यंत टिकली. त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. दरम्यान कृष्णवर्णीयांनी स्वतःचे संघ आणि स्वतःच्या स्पर्धा उभारल्या. १९२० च्या फेब्रुवारीत रूब फॉस्टर याच्या पुढाकाराने कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीगची स्थापना झाली. ('निग्रो' हा शब्द आज अवमानकारक मानतात; संस्थेचे ऐतिहासिक नाव म्हणूनच तो येथे ठेवला आहे.)

१०/
पेजचा जन्म ७ जुलै १९०६ चा. घरात दारिद्र्य आणि भावंडे पुष्कळ. बाराव्या वर्षी शाळा बुडविणे आणि किरकोळ चोरी या कारणांवरून त्याला माउंट मेग्ज येथील कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात धाडण्यात आले. १९२३ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे साडेपाच वर्षे तो तेथे होता. पाय डोक्याच्या उंचीपर्यंत उचलायचा, क्षणभर आकाश झाकायचे आणि मग लांबलचक हात पुढे सोडायचा, ही त्याची जगप्रसिद्ध शैली तेथील प्रशिक्षकाच्या हाताखाली घडली. बालपणाच्या बदल्यात आपण चेंडू टाकायला शिकलो, अशा आशयाचे तो पुढे बोलत असे.

११/
१९२६ साली तो चॅटनूगाच्या संघात आणि १९२७ साली बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्समध्ये आला. १९३० च्या दशकात पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघात त्याच्याबरोबर जॉश गिब्सन, ऑस्कर चार्ल्सटन, 'कूल पापा' बेल असे खेळाडू होते. यांतील एकालाही मेजर लीगचे दार कधी उघडले नाही. त्या संघाच्या तोडीचे संघ गोऱ्यांच्या स्पर्धांतही थोडेच असतील. क्रॉफर्ड्सचा पिचर म्हणून पेजचे नाव कृष्णवर्णीय वस्त्यांतून घरोघर पोचले.

१२/
त्याचे अचूकपण दंतकथेसारखे होते. सरावाच्या वेळी होम प्लेट म्हणून तो गमच्या गोळीवरील वेष्टनाचा कागद जमिनीवर ठेवी आणि त्यावरून चेंडू नेई, असे सांगतात. ज्या वस्तूच्या वेष्टनावर त्याने नेम साधला तिच्याच पाकिटातून पुढे त्याचे चित्र विकले गेले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. आपल्या चेंडूंना तो नावे देई. त्यांतील 'हेझिटेशन' म्हणजे थबकता चेंडू विशेष गाजला. पाय टेकल्यावर हात एक क्षण अडकल्यासारखा थांबे. फलंदाज बॅट फिरवून मोकळा होई आणि मग चेंडू येई. पुढे १९४८ साली अमेरिकन लीगच्या अध्यक्षांनी या चेंडूवर बंदी घातली.

१३/
त्याची कारकीर्द एका संघाच्या चौकटीत मावत नाही. १९३५ साली तो नॉर्थ डकोटातील बिस्मार्क या लहान शहराच्या संघात गेला. या संघात गोरे आणि काळे एकत्र खेळत होते, तेही रॉबिन्सनच्या बारा वर्षे आधी. आणि त्या संघाने विचिटा येथील राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९३७ साली डोमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा ट्रुहियो याचे नाव मिरविणाऱ्या राजधानीच्या संघासाठी तो खेळला. गिब्सन आणि बेलही तेथे होते. संघ विजयी झाला. पैशासाठी करार मोडतो म्हणून त्याच्यावर टीका झाली. पण ज्या देशातील सर्वांत मोठी बाजारपेठ त्वचेच्या रंगामुळे बंद होती, तेथील खेळाडूने दुसरी बाजारपेठ शोधणे हा मला गुन्हा वाटत नाही.

१४/
१९३८ साली मेक्सिकोत त्याचा उजवा हात निकामी झाला. खांदा उचलेना. बत्तीस वर्षांचा पिचर संपला, असे सर्वांनी धरले. कॅन्सस सिटी मोनार्क्सचे मालक जे. एल. विल्किन्सन यांनी त्याला आपल्या दुय्यम, गावोगाव फिरणाऱ्या संघात घेतले. हात चालत नसला तरी नाव चालत होते. लोक त्याला नुसते पाहायला येत. आणि मग काही महिन्यांत तो हात परत आला. वेग थोडा कमी झाला, चातुर्य वाढले. १९४२ साली मोनार्क्सने होमस्टेड ग्रेजला नमवून निग्रो लीगची जागतिक मालिका जिंकली, तेव्हा पेज त्या विजयाच्या केंद्रस्थानी होता. गोऱ्या नामवंतांशीही तो सतत भिडत होता : १९३४ मध्ये डिझी डीनच्या संघाविरुद्ध आणि १९४६ मध्ये बॉब फेलरच्या संघाविरुद्ध. या प्रदर्शनी सामन्यांतील यशापयश कोणत्याच अधिकृत खात्यात जमा होत नसे.

१५/
या काळातला एक प्रसंग त्याचा मोनार्क्समधील सहकारी बक ओनील सांगत असे. साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे संघ गेला असता पेज ओनीलला घेऊन ड्रम आयलंड येथे गेला. पूर्वी तेथे गुलामांचा लिलाव होई. दोघे तेथे बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. आपण येथे पूर्वी येऊन गेलो आहोत असे वाटते, अशा अर्थाचे काही पेज शेवटी बोलला. हजारो लोकांना हसविणारा, उशिरा येणारा, बढाया मारणारा पेज सर्वांना माहीत होता. ओनीलच्या मते हा दुसरा पेज फार थोड्यांनी पाहिला. कार्डावरील चेहऱ्यात मला तो दुसरा दिसतो.

१६/
१९४५ मध्ये डॉजर्सनी बंदी मोडण्यासाठी मोनार्क्सचाच एक खेळाडू निवडला. पण तो पेज नव्हता. तो त्याचा तरुण, सुशिक्षित सहकारी रॉबिन्सन होता. वीस वर्षे ज्याने कृष्णवर्णीय बेसबॉलचे नाव राखले त्याला डावलले गेले. पेजला ते लागले, हे त्याने पुढे लपविले नाही. गिब्सनची कहाणी तर याहून दुःखद आहे. २० जानेवारी १९४७ रोजी, रॉबिन्सनच्या पदार्पणाआधी तीन महिने, तो पस्तिसाव्या वर्षी मरण पावला. हयातीत अमेरिकेत त्याचे एकही गम-कार्ड निघाले नाही. मेजर लीगमध्ये नसलेल्या खेळाडूचे चित्र या कंपन्या छापत नसत. चार्ल्सटनसारख्यांची चित्रे पाहायची तर क्युबात जावे लागते. १९२३-२४ च्या हिवाळी हंगामात तेथे निघालेल्या कार्डांत तो सापडतो. जेथे खेळायला मज्जाव नव्हता, तेथेच त्यांचे चित्र निघाले.

१७/
७ जुलै १९४८. पेजचा बेचाळिसावा वाढदिवस. क्लीव्हलंड संघाचे मालक बिल व्हीक यांनी त्याच दिवशी त्याच्याशी करार केला. तिकिटे खपविण्यासाठी केलेला हा तमाशा आहे, असा सूर एका मोठ्या क्रीडा-साप्ताहिकाच्या संपादकाने लावला. दोन दिवसांनी पेज मैदानात उतरला आणि दोन डाव एकही धाव न देता टाकले. २० ऑगस्टच्या रात्री शिकागोविरुद्ध त्याने प्रतिपक्षाला शून्यावर रोखले, तेव्हा क्लीव्हलंडच्या मैदानावर ७८,३८२ प्रेक्षक होते. हंगामाअखेर त्याच्या नावावर ६ विजय, १ पराभव आणि २.४८ ची सरासरी होती. क्लीव्हलंडने त्या वर्षी जागतिक मालिका जिंकली. तिच्या पाचव्या सामन्यात पेजने दोन फलंदाज बाद करण्यापुरताच चेंडू टाकला; पण जागतिक मालिकेत चेंडू टाकणारा तो पहिला कृष्णवर्णीय पिचर ठरला.

१८/
व्हीक यांनी क्लीव्हलंडचा संघ विकल्यावर पेजला काढून टाकण्यात आले. १९५१ साली त्यांनी सेंट लुइस ब्राऊन्स घेतला आणि पेजला पुन्हा बोलावले. म्हणून कार्डावर ही टोपी आहे. सेंट लुइसच्या त्या मैदानावर १९४४ पर्यंत कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळे बसावे लागे. ज्या आवारात काही वर्षांपूर्वी त्याच्या लोकांना मनाजोगती जागा मिळत नव्हती, त्याच आवारात ६ ऑगस्ट १९५२ रोजी छेचाळीस वर्षांच्या पेजने डेट्रॉइटविरुद्ध सलग बारा डाव टाकले, एकही धाव दिली नाही आणि सामना १-० असा जिंकला. कार्डामागील १२ विजयांत हा एक आहे. तेवढा ठाऊक असला तरी तो रुक्ष आकडा वेगळा वाचला जातो.

१९/
पुढचे थोडक्यात. १९५३ नंतर ब्राऊन्स संघ बाल्टिमोरला हलला आणि पेज पुन्हा गावोगाव खेळू लागला. २५ सप्टेंबर १९६५ रोजी, एकोणसाठाव्या वर्षी, कॅन्सस सिटीच्या मेजर लीग संघाने त्याला एका सामन्यापुरते उभे केले. प्रेक्षकांना हसू यावे म्हणून त्याच्यासाठी झुलती खुर्ची आणि परिचारिका ठेवली होती. त्याने तीन डाव टाकले, धाव दिली नाही; फक्त कार्ल यास्ट्रेमस्कीला त्याच्या चेंडूवर फटका साधला. १९६८ मध्ये अटलांटा संघाने त्याला प्रशिक्षक म्हणून नेमले, कारण निवृत्तिवेतनासाठी लागणारे दिवस त्याच्या खात्यात भरत नव्हते. इतकी वर्षे खेळून दिवस कमी पडले! खाते कोठून मोजायचे या प्रश्नाने त्याची पाठ येथेही सोडली नाही.

२०/
१९६६ साली गोरा महान फलंदाज टेड विल्यम्स याने हॉल ऑफ फेममधील आपल्या सत्काराच्या भाषणात पेज आणि गिब्सन यांनाही येथे स्थान मिळावे, असे उघड म्हटले. १९७१ मध्ये पेजची निवड झाली. परंतु निग्रो लीगच्या खेळाडूंचा सन्मान वेगळ्या दालनात करण्याचा आधी बेत होता. म्हणजे मैदानावरचा वर्णभेद सरला आणि तो कीर्तिमंदिरात शिरला! टीका झाल्यावर बेत सोडावा लागला आणि ऑगस्टमध्ये पेज इतरांच्या बरोबरीने दाखल झाला. ८ जून १९८२ रोजी कॅन्सस सिटीत त्याचे निधन झाले. तेव्हाही अधिकृत नोंद तीच होती : २८ विजय, ३१ पराभव.

२१/
आता मूळ प्रश्नाकडे वळू. पेज स्वतः सांगे, त्याप्रमाणे त्याच्या विजयांची संख्या दोन हजारांच्या घरात होती. अधिकृत कागद म्हणत होता, २८. इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय मानावे? आपल्याकडे वि. का. राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल कागद श्रेष्ठ मानण्याची शिस्त घालून दिली. त्या शिस्तीने पाहता पेजच्या बढाया ही बखर आणि कार्डावरील आकडे हा अस्सल कागद. पण येथे अस्सल कागद अर्धवट आहे. तो खोटे बोलत नाही. त्याला जेवढे पाहायला परवानगी होती तेवढेच तो सांगतो. म्हणून बखर खरी मानावी काय? तेही नाही. दोन हजार हा आकडा सिद्ध करता येत नाही.

२२/
वाट तिसरीच होती आणि ती राजवाड्यांच्या शिस्तीचीच होती : आणखी कागद शोधणे. गोऱ्या दैनिकांनी दुर्लक्षिलेले सामने कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी छापले होते. 'शिकागो डिफेंडर', 'पिट्सबर्ग कूरियर', बाल्टिमोरचे 'आफ्रो-अमेरिकन', कॅन्सस सिटीचे 'कॉल'. या पत्रांच्या सूक्ष्मपटांवरील एकेक धावतक्ता अभ्यासकांनी अनेक वर्षे खपून उतरविला, पडताळला, जुळविला. यांतील बरेचसे काम हौशी संशोधकांनी केले. आपल्याकडे एखाद्या वाड्यातील रुमाल सोडून मोडी कागद लावणाऱ्यांची जात हीच.

२३/
मेजर लीग कोणाला म्हणावे हे ठरविण्यासाठी १९६८-६९ मध्ये एक समिती बसली होती. तिने जुन्यानव्या सहा लीगना मान्यता दिली. त्यांत १८८४ साली जेमतेम एक हंगाम तग धरलेली युनियन असोसिएशनही होती. निग्रो लीगचा मात्र विचारही झाला नाही. हा अन्याय १६ डिसेंबर २०२० रोजी दुरुस्त झाला. १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा देण्यात आला. २०२४ च्या मे महिन्यात त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत मिळविले गेले. कारकिर्दीतील सर्वोच्च फलंदाजी-सरासरीचा मान टाय कॉबकडून जॉश गिब्सनकडे गेला. आणि सॅचेल पेजचे विजय २८ वरून १२५ झाले.

२४/
१२५ हा आकडाही संपूर्ण नाही. निग्रो लीगच्या नोंदींपैकी सुमारे तीन-चतुर्थांशच हाती लागल्या आहेत. बिस्मार्क, डोमिनिकन प्रजासत्ताक, डीन आणि फेलर यांच्याविरुद्धचे सामने या हिशेबात धरलेले नाहीत, आणि मान्यताप्राप्त लीगचे सामने मोजायचे या नियमाने ते योग्यही आहे. तरीही २८ आणि १२५ यांच्यामधील अंतर पाहावे. ते अंतर पेजच्या कौशल्यात कधीच नव्हते. सामने तेच होते, चेंडू तेच होते. मोजणाऱ्यांनी वहीचे कोणते पान उघडले, एवढाच फरक.

२५/
मग १९५३ चे हे कार्ड आता चुकीचे ठरले, असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. जुना कागद आपण खोडत नाही, त्याखाली टीप लिहितो. नावातील जादा 'एल'सह आणि वीस-बावीस वर्षांच्या पोकळीसह ते तसेच राहावे. १९५३ साली अमेरिकेने या माणसाला किती जागा दिली होती, याचे ते अस्सल प्रमाण आहे. आणि त्याच पुठ्ठ्याच्या दर्शनी बाजूस एका अनामिक चित्रकाराने जे रंगविले ते मागच्या आकड्यांना न जुमानणारे आहे. विजय मोजणाऱ्यांच्या वहीत नसलेली ती वर्षे त्याने चेहऱ्यावरच्या रेषांत नोंदविली.

२६/
या मालिकेच्या तरुण वाचकांना एक विनंती. कोणतीही अधिकृत यादी समोर आली, मग ती विक्रमांची असो, सन्मानांची असो वा एखाद्या संस्थेच्या संस्थापकांची असो, तिच्यातील आकडे तपासण्याआधी दोन प्रश्न विचारा : ही मोजणी कोणत्या वर्षापासून सुरू झाली, आणि त्या वेळी दारातून आत येण्याची मुभा कोणाला होती? उत्तर मिळाले नाही तर चिडून थांबू नका. कोठेतरी एखाद्या बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या जुन्या अंकांत ते छापलेले असते. असे एखादे कार्ड, चित्र, तिकीट वा प्रमाणपत्र तुमच्या घरातील पेटीत असेल तर खाली जरूर लिहा. त्यावर काय छापले आहे ते सांगा, आणि काय छापलेले नाही तेही.